वाळवंटी मुंग्यांची छायाचित्रांवरून ओळख

वाळवंटात मोकळ्या स्थितीत वावरणाऱ्या मुंगीला न पकडता, केवळ तिच्या छायाचित्रांच्या व त्यांसोबतच्या नोंदींच्या आधारे तिचे वर्गीकरणातील स्थान ठरविण्याची पद्धती. मुंग्यांचा समावेश कीटक वर्गाच्या हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलात होतो. या कुलातील सु. १४,००० जातींची शास्त्रीय वर्णने आतापर्यंत झालेली आहेत. उपकुल, प्रजाती (निकटसंबंधी जातींचा समूह) व जाती या तीन पायऱ्यांनी ओळख पटविली जाते. चांगल्या छायाचित्रावरून पहिल्या दोन पायऱ्या बहुधा गाठता येतात. तिसरी मात्र अनेकदा गाठता येत नाही. कोणत्या पायरीवर थांबावयाचे, हे ठरविणे हा या पद्धतीचा सर्वांत कठीण भाग होय.

महत्त्व : मुंगीचे नाव हा तिच्याविषयीच्या सर्व माहितीचा दुवा असतो. नाव चुकल्यास एका जातीचे वर्तन, प्रसार आणि उपद्रव दुसऱ्या जातीच्या खाती जमा होतात. याचा परिणाम मानवी आरोग्यावरही होऊ शकतो. अरबी द्वीपकल्पातील शुष्क प्रदेशांत व तेथील शहरांत ब्रॅकिपोनेरा सेनारेन्सिस ही नांगी असलेली मुंगी आढळते. स्थानिक लोक तिला ‘सामसुम’ म्हणतात. तिच्या दंशामुळे काही व्यक्तींमध्ये तीव्र अधिहर्षताजन्य (ॲलर्जीजन्य) प्रतिक्रिया उद्भवून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्याच परिसरात तिच्याप्रमाणेच काळसर दिसणाऱ्या, परंतु नांगी नसलेल्या किंवा सहसा दंश न करणाऱ्या अनेक मुंग्या राहतात. त्यामुळे घरात सापडलेल्या मुंगीच्या छायाचित्रावरून ‘ही निरुपद्रवी आहे’ असा निर्वाळा देणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. दंशानंतर श्वासाला अडथळा, चेहऱ्यावर सूज किंवा भोवळ अशी लक्षणे दिसल्यास मुंगीची ओळख पटण्याची वाट न पाहता रुग्णास तातडीने वैद्यकीय उपचार मिळणे आवश्यक असते.

ऐतिहासिक आढावा : वाळवंटी मुंग्यांचे वर्गीकरण दीर्घकाळ टाचणीला चिकटविलेल्या मृत नमुन्यांवर आधारलेले होते. कॅटॅग्लिफिस बायकलर या उत्तर आफ्रिकेतील मुंगीचे वर्णन फाब्रिशियस यांनी १७९३ मध्ये केले. स्विस शास्त्रज्ञ ऑग्यूस्ट फॉरेल यांनी भारतीय उपखंडातील मुंग्यांवर फ्रेंच भाषेत लिहिलेली लेखमाला १८९२ पासून मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी आर्. सी. राटन यांनी गोळा केलेल्या नमुन्यांचा तिला मोठा आधार होता. पुढे सी. टी. बिंगॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रकाशित झाला. फेलिक्स सांची या स्विस वैद्याने ट्युनिशियातील कैरवान येथे राहून उत्तर आफ्रिकेतील मुंग्यांचा अभ्यास केला. मुंग्या सूर्याच्या साहाय्याने दिशा ओळखतात, हे त्यांनी १९११ मध्ये आरशाच्या प्रयोगाने दाखवून दिले. भारतातील मुंग्यांची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची १०० प्रजातींतील ८२८ जाती व उपजाती नोंदविते.

छायाचित्रांचा पद्धतशीर उपयोग त्यानंतरच्या काळातील आहे. कॅलिफोर्निया ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस या संस्थेने २००२ मध्ये ‘अँटवेब’ हा चित्रसंग्रह सुरू केला. त्यात प्रत्येक नमुन्याचे डोके समोरून, संपूर्ण शरीर बाजूने आणि संपूर्ण शरीर वरून अशी तीन चित्रे व नमुन्यासोबतची चिठ्ठी दाखविण्याचा प्रघात आहे. दूरच्या संग्रहालयांतील प्ररूप नमुने (ज्यांवरून जातीचे नाव निश्चित झाले ते नमुने) यांमुळे कोणासही पाहता येऊ लागले. मोकळ्या मुंगीचे छायाचित्र घेणाऱ्यानेही हीच तीन दृश्ये मिळविण्याचा प्रयत्न करणे उपयुक्त ठरते.

ओळखीची लक्षणे : प्रथम समोरील प्राणी मुंगीच आहे, याची खात्री करावी लागते. काही कोळी मुंगीचे हुबेहूब सोंग घेतात व पुढचे पाय शृंगिकांसारखे उचलून धरतात. तथापि त्यांना आठ पाय असतात व शृंगिका नसतात. म्यूटिलिडी कुलातील गांधीलमाशीच्या पंखहीन माद्या वाळूवर मुंगीप्रमाणे धावतात, पण त्यांच्या अंगावर दाट मखमली लव असते आणि कंबरेवर मुंगीसारखी स्पष्ट गाठ नसते. वाळवीची कंबर रुंद असते. कोपरासारखी वाकलेली शृंगिका आणि वक्ष व फुगीर उदर यांमधील गाठयुक्त वृंतक (देठासारखा भाग) ही मुंगीची खूण होय.

उपकुल ठरविताना सर्वप्रथम वृंतकाच्या गाठी मोजतात. दोन गाठी असल्यास वाळवंटी प्रदेशात ती मुंगी बहुधा मिर्मिसिनी उपकुलातील असते. मेसॉर, फायडोल, मोनोमोरियम, ट्रायकोमिर्मेक्स या प्रजाती त्यात येतात. एकच गाठ असल्यास फॉर्मिसिनी, डोलिकोडेरिनी व पोनेरिनी ही उपकुले विचारात घेतात. फॉर्मिसिनी मुंगीला नांगी नसते. उदराच्या टोकाशी केसांची झालर असलेले गोल छिद्र असते व त्यातून ती फॉर्मिक अम्ल फवारते. डोलिकोडेरिनीमध्ये त्या जागी आडवी फट असते. पोनेरिनीमध्ये नांगी असते व उदराच्या पहिल्या दोन खंडांमध्ये पुष्कळदा आवळल्यासारखी खाच दिसते. सामसुम मुंगी या उपकुलातील आहे. नांगी बहुतेक वेळ उदरात दडलेली असल्यामुळे छायाचित्रात ती दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असे मानता येत नाही.

प्रजाती ठरविताना शृंगिकेच्या खंडांची संख्या व टोकाचा आकार, डोळ्यांचे स्थान, वक्षाची बाजूने दिसणारी बाह्यरेषा, काटे, लव आणि पायांची लांबी पाहतात. डोंगळा (कँपोनोटस काँप्रेसस) व त्याच्या प्रजातीतील इतर मुंग्या यांच्या वक्षाची वरची रेषा कमानीसारखी अखंड असते आणि शृंगिका मुखावरणापासून बऱ्याच मागे उगम पावतात. कॅटॅग्लिफिस मुंगीत ही रेषा मध्ये खचलेली असते, पाय विलक्षण लांब असतात आणि जबड्याजवळील संवेदी उपांगेही लांब व केसाळ असतात. मेसॉरच्या अनेक जातींत डोक्याच्या खालच्या बाजूस लांब केसांची ‘दाढी’ असते. तिचा उपयोग वाळूचे कण वाहून नेण्यासाठी होतो. हे लक्षण वरून घेतलेल्या छायाचित्रात मुळीच दिसत नाही.

रंग हे सर्वांत आधी लक्षात येणारे, पण सर्वांत कमी भरवशाचे लक्षण आहे. कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या कामकरी मुंगीचा रंग फिका असतो. भरपूर द्रव प्यायलेल्या मुंगीचे उदर ताणले जाऊन खंडांमधील पातळ पटल उघडे पडते व पट्टे असल्याचा भास होतो. अंगावरची धूळ, तांबड्या वाळूवरून परावर्तित होणारा प्रकाश आणि कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगदुरुस्ती यांमुळेही रंग बदललेला दिसतो.

फसवी साम्ये : सारख्या परिस्थितीमुळे भिन्न वंशपरंपरांतील प्राण्यांत सारखी रूपे निर्माण होतात. भर दुपारी तापलेल्या जमिनीवर उन्हाने मेलेले कीटक गोळा करणाऱ्या लांब पायांच्या मुंग्या तीन खंडांत स्वतंत्रपणे विकसित झाल्या आहेत : उत्तर आफ्रिका व आशियात कॅटॅग्लिफिस, आफ्रिकेच्या दक्षिण भागातील नामिबसारख्या प्रदेशांत ऑसिमिर्मेक्स आणि ऑस्ट्रेलियात मेलोफोरस. धावताना त्या एकमेकींसारख्या दिसतात. परंतु ऑसिमिर्मेक्सच्या कंबरेवर दोन गाठी असतात व इतर दोघींच्या कंबरेवर एकच. अशा साम्यांनी तज्ञांनाही चकविले आहे. भारतातील कॅटॅग्लिफिस सेटिपेस या मुंगीचे वर्णन फॉरेल यांनी १८९४ मध्ये मिर्मेकोसिस्टस या प्रजातीखाली केले होते. हे प्रजातिनाम आता केवळ उत्तर अमेरिकेतील मधुसंचयी मुंग्यांसाठी वापरले जाते. यामुळे जुन्या ग्रंथातील नाव छायाचित्राला जसेच्या तसे जोडता येत नाही. बिंगॅम यांच्या ग्रंथातील होल्कोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स ही धान्य साठविणारी मुंगी पुढे मोनोमोरियम प्रजातीत गेली आणि २०१५ पासून ती ट्रायकोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स म्हणून ओळखली जाते.

छायाचित्रणातील अडचणी : मुंगीचा लहान आकार व तिचा वेग या दोन प्रमुख अडचणी होत. सहारातील रुपेरी मुंगीचा (कॅटॅग्लिफिस बाँबिसिना) मोजलेला कमाल वेग सेकंदाला ०·८५५ मी. आहे, म्हणजे ती सेकंदात स्वतःच्या लांबीच्या सु. १०८ पट अंतर तोडते. प्रकाशोद्भासनाचा (एक्सपोजरचा) काळ १/१,००० सेकंद ठेवला, तरी तेवढ्यात ती सु. ०·८६ मिमी. पुढे सरकते. तिची लांबी ८ मिमी.च्या आसपास असल्यामुळे वृंतक व शृंगिका यांचा तपशील या हालचालीत पुसला जातो. क्षणदीपाचा (फ्लॅशचा) प्रकाश १/१०,००० सेकंद टिकणारा असल्यास हे विस्थापन ०·०९ मिमी.पेक्षा कमी राहते. दुसरे असे, की मुंगीची प्रतिमा तिच्या मूळ आकाराएवढी घेतली, तर भिंगासमोरील जेमतेम १ मिमी. जाडीचा थरच सुस्पष्ट उमटतो. डोळा स्पष्ट आला, तर वृंतक अंधुक होतो. म्हणून एकाच मुंगीची निरनिराळ्या अंतरांवर केंद्रित केलेली अनेक छायाचित्रे घेणे हितावह असते. शरीर भिंगाच्या अक्षाशी काटकोनात नसेल, तर पाय, डोके व वक्ष यांच्या लांबीची गुणोत्तरे चुकीची येतात. त्याच जागी, त्याच अंतरावरून मोजपट्टीचे एक छायाचित्र घेतल्यास आकाराचा अंदाज करता येतो.

वारुळात एकाच जातीच्या लहानमोठ्या आकारांच्या कामकरी मुंग्या असू शकतात. फायडोलमध्ये मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या लहान कामकऱ्यांहून इतक्या वेगळ्या दिसतात, की अनभिज्ञास त्या दोन जाती वाटाव्यात. रुपेरी मुंगीच्या सैनिकांचे जबडे लांब व विळ्यासारखे असतात. यास्तव एकाच मुंगीऐवजी वारुळाच्या तोंडाशी असलेल्या अनेक मुंग्यांची छायाचित्रे अधिक उपयुक्त ठरतात.

स्थळ, काळ व वर्तन : वाळवंटात मुंगीभोवतालची माहिती तिच्या शरीराइतकीच बोलकी असते. दुपारी इतर प्राणी सावलीला गेले असताना वाळूवर धावणारी, फुगीर उदर पाठीवर उभे धरणारी मुंगी सहारा किंवा पश्चिम आशियात आढळल्यास ती कॅटॅग्लिफिस असण्याचा संभव मोठा असतो. रुपेरी मुंगी सु. ५३° से. पर्यंतचे शरीर-तापमान सोसू शकते. तिच्या अंगावरील त्रिकोणी छेदाचे केस प्रकाश परावर्तित करतात व उष्णता बाहेर टाकण्यास मदत करतात, असे २०१५ मध्ये दाखवून देण्यात आले. छायाचित्रातील तिची चकाकी ही याच केसांची असते. उलट, सकाळच्या किंवा सायंकाळच्या उतरत्या उन्हात रांगेने बी वाहून नेणाऱ्या मुंग्या आणि वारुळाभोवती पडलेला कोंड्याचा ढीग यांवरून मेसॉर, ट्रायकोमिर्मेक्स अशा धान्यसंचयी मुंग्यांचा तर्क करता येतो. स्थान, दिनांक, वेळ, जमिनीचा प्रकार (वाळू, मुरूम, खडक, मिठागर) आणि वारुळाच्या तोंडाचा आकार यांची नोंद नसलेल्या छायाचित्राची उपयुक्तता बरीच कमी होते.

कॅटॅग्लिफिस फॉर्टिस या मुंगीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. फॉरेल यांनी १९०२ मध्ये तिला कॅटॅग्लिफिस अल्बिकन्स जातीचा एक प्रकार मानले. तब्बल ८१ वर्षांनी, १९८३ मध्ये, रूडिगर वेनर यांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. वेनर १९६९ पासून ट्युनिशियात या मुंग्यांच्या दिशाज्ञानाचा अभ्यास करीत होते. ही काळी, लांब पायांची मुंगी ट्युनिशिया व अल्जीरियातील मिठाच्या सपाट मैदानांत व त्यांच्या कडेने राहते. मृत नमुन्यांच्या पेटीत जो भेद किरकोळ वाटत होता, तो तिचे राहणीमान व शरीराची प्रमाणे एकत्र पाहिल्यावर ठळक झाला. मिठागराची पार्श्वभूमी कापून टाकलेले तिचे छायाचित्र म्हणूनच अपुरे असते.

थर वाळवंटातील उदाहरण : जैसलमेरच्या परिसरात घेतलेल्या एका छायाचित्रात तांबूस डोके व वक्ष, काळे उदर आणि लांब पाय असलेली मोठी मुंगी दिसते, असे समजू. वृंतकावर एक गाठ असल्याने मिर्मिसिनी उपकुल वगळले जाते. उदरावर आवळल्यासारखी खाच नाही व टोकाशी गोल छिद्र दिसते. म्हणून ती फॉर्मिसिनी उपकुलातील ठरते. वक्षाची रेषा खचलेली आहे, म्हणून ती कँपोनोटस नव्हे. लांब पाय व लांब संवेदी उपांगे यांवरून कॅटॅग्लिफिस ही प्रजाती निश्चित होते. वृंतकाची गाठ खवल्यासारखी चपटी नसून जाड व गोलसर आहे आणि शरीर दोन रंगांचे आहे. यांवरून बायकलर गट सुचतो. या गटातील सेटिपेस जाती वायव्य भारतात आढळते. तरीही या छायाचित्राखाली ‘कॅटॅग्लिफिस, बायकलर गट, बहुधा सेटिपेस’ असेच लिहिणे योग्य होय. ‘बहुधा’ हा शब्द गाळण्यासाठी लव, पृष्ठभागाची सूक्ष्म नक्षी व शक्य तर नर यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी लागते.

मर्यादा : कॅटॅग्लिफिस प्रजातीत सु. १०० जाती मानल्या जातात. डोनाट अगोस्टी यांनी १९९० मध्ये केलेल्या तिच्या पुनर्वर्गीकरणात नराच्या जननेंद्रियांच्या रचनेला मोठे स्थान आहे. परंतु नर वर्षातील थोडाच काळ दिसतात आणि छायाचित्रे जवळजवळ नेहमी कामकरी मुंग्यांचीच असतात. बायकलर गटातील सेटिपेस व नायजर यांना पूर्वी बायकलरच्याच उपजाती मानले जात असे. त्यामुळे ‘बायकलर’ या नावाखालील जुन्या नोंदी आज एकाच जातीच्या समजता येत नाहीत. आनुवंशिकीय संशोधनाने याहूनही गुंतागुंतीची प्रकरणे उजेडात आणली आहेत. इबेरियन द्वीपकल्पातील शुष्क प्रदेशातील कॅटॅग्लिफिस हिस्पॅनिका या जातीत दोन भिन्न आनुवंशिक परंपरा शेजारीशेजारी नांदतात. राणी दुसऱ्या परंपरेतील नराशी मीलन करते. कामकरी मुंग्या या संकरातून जन्मतात, तर नव्या राण्या व नर हे केवळ मातेच्या जनुकांपासून निर्माण होतात. कामकरी मुंगीचे कितीही सुस्पष्ट छायाचित्र घेतले, तरी वारुळातील राणी कोणत्या परंपरेची, हे त्यावरून कळू शकत नाही.

संगणकीय पद्धती : मोठ्या चित्रसंग्रहांवर ‘शिकविलेल्या’ संगणकीय पद्धती आता छायाचित्रास नाव सुचवितात. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या उपक्रमांत हौशी निरीक्षकांनी घेतलेली छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर जमा झाली आहेत. या पद्धती प्रजातीच्या पातळीवर उपयुक्त ठरतात. मात्र ज्या जातींची छायाचित्रे संग्रहात नाहीत, त्यांचे नाव त्या सुचवू शकत नाहीत; अशा वेळी संग्रहातील जवळचे रूप पुढे केले जाते. वाळवंटे विरळ वस्तीची असल्यामुळे तेथील जाती संग्रहांत कमी असतात आणि म्हणूनच चूक होण्याचा संभव तेथे अधिक असतो. शिवाय दोघातिघांनी एकच नाव सुचविल्याने ते बरोबर ठरत नाही. सर्वांनी एकाच सूचनेवर विसंबून मत दिलेले असू शकते.

छायाचित्र व नमुना : छायाचित्र नमुन्याची जागा घेऊ शकेल काय, हा प्रश्न २०१५ मध्ये तीव्रतेने पुढे आला. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका माशीच्या नव्या जातीचे वर्णन, नमुना जतन न करता, केवळ छायाचित्रांवरून प्रसिद्ध झाले. अनेक वर्गीकरणतज्ञांनी त्यास आक्षेप घेतला. प्राण्यांच्या नामकरणाचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१७ मध्ये घोषणापत्र ४५ द्वारे अशा वर्णनांसंबंधी शिफारशी केल्या. त्यांनुसार असे वर्णन नियमबाह्य नसले, तरी नमुना जतन न करण्याचे सबळ कारण देणे अपेक्षित असते. मुंग्यांच्या बाबतीत दोन्ही साधने परस्परपूरक आहेत. नमुन्यात लव, नक्षी व जनुके तपासता येतात; पण मुंगीची उभी धरलेली उदरमुद्रा, धावण्याची वेळ, तोंडातील भक्ष्य व वारुळाची रचना टाचणीवर टिकत नाही. ती छायाचित्रात टिकते.

म्हणून दक्ष अभ्यासक छायाचित्राखाली पुराव्याला झेपेल तेवढेच नाव लिहितो आणि मूळ छायाचित्रे नोंदींसह जपून ठेवतो. ‘कॅटॅग्लिफिस प्रजातीतील एक जाती’ ही नोंद अपुरी असली, तरी खरी असते व वर्गीकरणात पुढे बदल झाल्यास तिची पुन्हा तपासणी करता येते. चुकीच्या जातिनामाने केलेली नोंद मात्र पूर्ण भासते आणि म्हणून पुन्हा तपासली जात नाही.